महर्षी धोंडो केशव कर्वे : ध्येय आणि त्याचा हिशेब



चरित्र आणि आत्मचरित्र या वाङ्मयप्रकारांचा अभ्यास करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. चरित्रकाराला शेवट ठाऊक असतो. त्यामुळे नायकाच्या बालपणापासूनची प्रत्येक घटना त्या शेवटाकडेच नेणारी होती, असे त्याला वाटू लागते आणि तो वाचकालाही तसेच वाटायला लावतो. धोंडो केशव कर्वे यांच्याविषयी असे वारंवार घडले आहे. भारतातील पहिले महिला विद्यापीठ त्यांनी स्थापन केले हे आपण शालेय पुस्तकात वाचलेले असते. मग मुरूडच्या एका गरीब मुलाने लहानपणीच हे विद्यापीठ डोळ्यांपुढे ठेवले असावे, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. विद्यापीठाचा विचार त्यांनी हाती घेतला तेव्हा त्यांचे वय ५७ वर्षांचे होते आणि महाविद्यालयाच्या नोकरीतून ते निवृत्त झालेले होते.

प्रस्तुत घटकात त्यांचे चरित्र आपण एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुरोधाने पाहणार आहोत. माणूस स्वतःपुढे ध्येय ठेवतो म्हणजे नेमके काय करतो? शब्दांपासूनच आरंभ करू. ‘ध्येय’ हा शब्द ‘ध्यै’ या धातूपासून आला आहे. ज्याचे ध्यान करायचे ते ध्येय. ‘उद्दिष्ट’ शब्दात ‘दिश्’ धातू आहे, म्हणजे ज्याकडे बोट दाखवता येते ते. ‘योजना’ शब्दाच्या मुळाशी ‘युज्’ म्हणजे जोडणे आहे. बोलताना आपण हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. पण ध्यान करणे, बोट दाखवणे आणि जोडणे या तीन निराळ्या क्रिया आहेत. कर्व्यांच्या आयुष्यात ध्यानाचा विषय बराच काळ एकच राहिला. बोट मात्र त्यांनी दर काही वर्षांनी नव्या ठिकाणी दाखवले. आणि जोडण्याचे काम, म्हणजे माणसे, पैसा, वेळ यांची सांगड, त्यांनी जवळजवळ रोज केले.

साताऱ्याची वाट

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. घर दापोलीजवळच्या मुरूडचे. घराण्याला एकेकाळी बरे दिवस होते, पण धोंडो केशव जन्मले तेव्हा ते सरले होते. मुरूडच्या शाळेतील सोमण गुरुजींमुळे त्यांना सार्वजनिक कामाची गोडी लागली. गावकऱ्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम या लाजाळू मुलाकडे आले. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण कर्वे जन्मभर वक्ते झाले नाहीत. सभेत बोलण्याचा संकोच त्यांना कायम होता, आणि तरीही पुढे लक्षावधी रुपये त्यांनी लोकांकडे तोंडाने मागूनच मिळवले.

१८७५ साली पब्लिक सर्व्हिसच्या परीक्षेला बसण्याचे त्यांनी ठरवले. ही परीक्षा उत्तीर्ण झाल्यास सरकारी नोकरीचे दार उघडत असे आणि घराला त्याची निकड होती. पावसाळी हवेमुळे समुद्रमार्गे मुंबईस जाणे शक्य होईना, तेव्हा साताऱ्याच्या केंद्राची निवड झाली. मुरूडहून कुंभार्ली घाट चढून शंभराहून अधिक मैलांची वाट त्यांनी सोबत्यांसह पायी तुडवली. चार दिवस लागले. परीक्षेसाठी १७ वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते आणि ती झालेलीही होती. पण अंगलट किरकोळ, चेहरा कोवळा. परीक्षा समितीच्या प्रमुखांना हा मुलगा १७ वर्षांचा वाटेना, आणि त्यांनी त्याला परीक्षेस बसू दिले नाही. तसेच परतावे लागले.

शालेय पुस्तकांत ही कथा जिद्दीचा नमुना म्हणून येते. मला तीत आणखी काही दिसते. चालणे हा या योजनेतील कर्व्यांच्या हातातला भाग होता आणि तो त्यांनी पुरा केला. वय मान्य करणे हा दुसऱ्याच्या हातातला भाग होता आणि योजना तिथे कोसळली. आपल्या हातात काय आणि दुसऱ्याच्या हातात काय, हा भेद पुढे त्यांच्या प्रत्येक संस्थेच्या बांधणीत दिसतो. साताऱ्याच्या त्या सकाळीच तो त्यांना उमगला असे म्हणण्याचा मोह होतो. पण तसे म्हणणे म्हणजे वर ज्या दोषाचा उल्लेख केला तोच पुन्हा करणे होय.

शिक्षण रखडत झाले. मॅट्रिकची परीक्षा ते १८८१ साली, २३व्या वर्षी उत्तीर्ण झाले. गणित हा विषय घेऊन १८८४ साली ते बी. ए. झाले तेव्हा २६ वर्षांचे होते. तोवर त्यांचे लग्न झालेले होते आणि मुलगा रघुनाथ दोन वर्षांचा होता. नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून ही पुस्तिका वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना हा कालक्रम परका वाटणार नाही. मुंबईत शिकवण्या आणि शाळांतील तासिका यांवर त्यांचा चरितार्थ चाले. एका शाळेतून दुसरीकडे पायीच जायचे, मिळकतीतला ठरावीक हिस्सा सार्वजनिक कामासाठी बाजूला काढायचा आणि त्याची नोंद ठेवायची, ही सवय याच काळातली. गावच्या कामासाठी त्यांनी ‘मुरूड फंड’ उभारला तो अशाच लहान रकमांमधून.

संस्थेच्या नावात झालेला बदल

१८९१ साली पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्यासाठी कर्वे आले. टिळक तेथून बाहेर पडल्यामुळे ती जागा रिकामी झाली होती आणि बोलावणे गोपाळ कृष्ण गोखल्यांकडून आले होते. त्या काळचा विधुर पुन्हा लग्न करी तो दहा-बारा वर्षांच्या मुलीशी. कर्व्यांनी विधवेशीच विवाह करायचा असे ठरवले. मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई ही पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होती. तेथील ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी विवाह झाला आणि गोदूबाई आनंदीबाई झाल्या. घरचे त्यांना बाया म्हणत.

मुरूडने बहिष्कार घातला. कर्वे गावी आले तर त्यांच्या भावाच्या कुटुंबालाही वाळीत टाकू, असे गावाने ठरवले. ज्या गावासाठी पै-पै जमवली त्या गावात आईच्या घरी पाय ठेवणे अशक्य झाले. कर्व्यांनी प्रत्युत्तर दिले नाही आणि गावाशी भांडणही मांडले नाही.

३१ डिसेंबर १८९३ रोजी वर्ध्याला ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ स्थापन झाली. दोनच वर्षांत, १८९५ साली, तिचे नाव ‘विधवाविवाह-प्रतिबंध-निवारक मंडळी’ असे झाले. भाषेच्या विद्यार्थ्याने या बदलापाशी क्षणभर थांबले पाहिजे. ‘उत्तेजक’ म्हणजे उत्तेजन देणारी. लोकांनी पुनर्विवाह करावेत असे म्हणणारी. ‘प्रतिबंध-निवारक’ म्हणजे ज्यांना तो करायचा आहे त्यांच्या वाटेतला अडथळा दूर करणारी. पहिल्या नावात दुसऱ्याच्या इच्छेवर हक्क सांगितला आहे, दुसऱ्यात आपण काय करू शकतो एवढेच सांगितले आहे. सामासिक शब्द लांबला, जडही झाला. पण उद्दिष्ट आटोक्यात आले.

लवकरच हे आटोक्यातले उद्दिष्टही कर्व्यांना अपुरे वाटू लागले. वर्षाकाठी होणारे पुनर्विवाह हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. गणिताच्या या प्राध्यापकाला हिशेब सरळ दिसत होता: ज्या हजारो विधवा पुनर्विवाह करणारच नाहीत, त्यांच्यापर्यंत ही चळवळ पोहोचणार नव्हती. शिक्षण मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत होते, कारण शिक्षणाला संमती देणारे वडील आणि भाऊ तुलनेने अधिक होते. त्यातच शारदासदनातील धर्मांतराच्या वादामुळे हिंदू पालकांचा त्या संस्थेवरील विश्वास डळमळला होता. ज्या संस्थेत मुलीला निर्धास्तपणे ठेवता येईल अशी जागा रिकामी होती.

१४ जून १८९६ रोजी ‘अनाथ बालिकाश्रम’ स्थापन झाला. रामकृष्ण गोपाळ भांडारकर अध्यक्ष झाले आणि कर्व्यांनी आपल्या शिलकीतील १,००० रुपये दिले. पुन्हा नावाकडे पाहा. आश्रम होता विधवांसाठी, पण नावात ‘विधवा’ हा शब्द नाही. जो शब्द घरातल्या मुलीला डागासारखा चिकटत होता तो दारावरच्या पाटीवर नको, एवढी समज त्या नामकरणात आहे.

याच्याबरोबर आणखी एक कठोर निर्णय आला. आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही, असे कर्व्यांनी ठरवले. पुनर्विवाहाच्या मंडळीच्या कामातून त्यांनी स्वतःचे अंग काढून घेतले. स्वतः विधवेशी विवाह करून बहिष्कार सोसलेल्या माणसाने हे करावे, याचे सुधारकांना आश्चर्य वाटले आणि काहींना रागही आला. या टीकेत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. दोन चांगल्या कामांपैकी एक दुसऱ्याच्या आड येत होते. कर्व्यांनी एक निवडले आणि दुसऱ्याची किंमत मोजली. ती किंमत एकट्या त्यांनी मोजली का, हा प्रश्न पुढे येतो.

हिंगण्याची वाट

पुण्यात प्लेगची साथ आल्यावर आश्रम गावाबाहेर हलवणे भाग पडले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे सहा एकर जमीन दिली. तिथे एक साधी झोपडी उभी राहिली आणि १९०० साली मूठभर विधवा व मुली तेथे राहायला गेल्या. आज कर्वेनगर या भरवस्तीतून जाताना कल्पना येणार नाही. पण त्या वेळी हे ठिकाण पुण्यापासून सुमारे चार मैल, ओसाड माळावर होते. धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात चिखल तुडवत जावे लागे.

कर्व्यांची दिनचर्या अशी बेतलेली होती: दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, संध्याकाळी आश्रमाला लागणारे जिन्नस खांद्यावर घेऊन हिंगण्याला चालत जायचे, रात्री मुलींना शिकवायचे, कुणी आजारी असेल तर तिची शुश्रूषा करायची, पहाटे चालत पुण्याला परतायचे. हा क्रम सुमारे दोन वर्षे चालला. महाविद्यालयाला सुटी लागली की निधीसाठी गावोगाव फिरणे. कुणी रुपया दिला तर रुपयाची पावती, कुणी चार आणे दिले तर चार आण्यांची. संस्थेच्या अहवालात मोठ्या देणगीदारांप्रमाणे लहानांचीही नोंद असे.

‘आत्मवृत्त’ (१९१५) वाचाल तेव्हा त्या गद्याची चाल या दिनचर्येसारखीच आहे हे जाणवेल. वाक्ये साधी, तारखा आणि आकडे जागच्या जागी, विशेषणांचा सोस नाही. आपल्या गद्यपरंपरेत निबंधमालेचा आवेश आणि आगरकरांची धार यांना मोठा मान आहे व तो योग्यच आहे; तथापि कर्व्यांचे हिशेबी गद्य वाङ्मयीन दृष्ट्या कमी दर्जाचे ठरवण्याची घाई करू नये. पुरावा म्हणून उभे राहणारे गद्य ही एक निराळी जात आहे.

आता किंमतीचा प्रश्न. आपल्या ५,००० रुपयांच्या विम्याची पॉलिसीही कर्व्यांनी आश्रमाच्या नावे केली. आपल्यामागे मुलाबाळांसाठी ठेवलेले हे एकमेव साधन होते. आनंदीबाईंच्या दृष्टीने हा मोठा आघात होता. शिवाय, ज्या स्त्रीशी विवाह केल्यामुळे हे सारे सुरू झाले, तीच पुनर्विवाहित म्हणून आश्रमाच्या कामापासून सुरुवातीला अंतरावर राहिली. तिच्या वावराने सनातनी पालक बिचकतील अशी धास्ती होती. तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विधवा होती. ती आश्रमात येऊन शिकली आणि पुढे आश्रमाचा आधारस्तंभ झाली. एका बहिणीला दार उघडे, दुसरीला ते अर्धवट लोटलेले. आनंदीबाईंनी आपल्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनात या संसाराची हकिगत परखडपणे सांगितली आहे.

तुम्ही स्वतःच्या एखाद्या उद्दिष्टाचा आराखडा कागदावर मांडून पाहा: परीक्षा, नोकरीतील बढती, गावातील वाचनालय, काहीही. साधने या सदरात तुमचा वेळ आणि तुमचा पैसा तुम्ही लिहाल. त्यातला किती वेळ आणि किती पैसा खरोखर एकट्या तुमचा आहे, हे त्याच कागदावर लिहिणे अवघड जाते. कर्व्यांच्या चोख हिशेबातही हे सदर कोरेच राहिले, असे माझे मत आहे.

संस्थेतून संस्था

यानंतरचा काळ भराभर सांगता येईल. आश्रमात विधवांची सोय झाली, पण अविवाहित मुलींना शिकवायचे तर निराळी शाळा हवी. म्हणून ४ मार्च १९०७ रोजी सहा मुलींवर ‘महिला विद्यालय’ सुरू झाले. या संस्थांना वाहून घेणारी माणसे हवीत, म्हणून १९०८ साली ‘निष्काम कर्म मठ’ निघाला. प्रत्येक नवी संस्था आधीच्या संस्थेत जे बसत नव्हते त्यातून जन्माला आली. सहकाऱ्यांना हे नेहमी रुचले असे नाही. पहिल्या घराचे छप्पर शाकारून होत नाही तोच हे दुसऱ्या घराचा पाया खणायला निघतात, ही त्यांची भीती रास्त होती, कारण देणगीदार तेच, कार्यकर्ते तेच आणि अण्णाही एकच. (कर्व्यांना सारे अण्णा म्हणत.)

१९१४ साली ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. पुढच्या वर्षी बनारसहून त्यांच्याकडे टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. तिच्याकडे प्रथम त्यांचे फारसे लक्ष गेले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईस भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका त्यांनी पुन्हा उघडली. भारतीय स्त्रियांसाठी, भारतीय भाषांतून शिक्षण देणारे स्वतंत्र विद्यापीठ ही कल्पना त्या भाषणात त्यांनी मांडली. भाषण डिसेंबर १९१५ मधले. जून १९१६ मध्ये विद्यापीठाच्या सिनेटची पहिली बैठक झाली. भांडारकर कुलपती झाले आणि कुलगुरू झाले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, म्हणजे मुर्डीचा, कर्व्यांनी आपल्या घरी ठेवून शिकवलेला मुलगा, जो १८९९ साली केंब्रिजचा सीनियर रँग्लर झाला होता. जुलैमध्ये महाविद्यालय सुरू झाले. विद्यार्थिनी होत्या पाच.

सहा महिन्यांत विद्यापीठ उभे राहते ते कसे? वीस वर्षे जोडलेली माणसे, पावत्यांची पुस्तके, गावोगावचे पत्ते आणि लोकांचा विश्वास हाताशी होता म्हणून. कल्पना नवी होती, सामग्री जुनीच होती.

मराठीच्या विद्यार्थ्याला या विद्यापीठाची एक बाजू विशेष महत्त्वाची आहे. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा होते आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय होता. पदव्यांची नावेदेखील इंग्रजीतून उचललेली नव्हती. पदवीला ‘गृहीतागमा’ आणि त्यापुढच्या पदवीला ‘प्रदेयागमा’ अशी नावे दिली गेली: जिने ज्ञान ग्रहण केले ती, आणि जी आता ज्ञान देण्यास योग्य झाली ती. दोन्ही स्त्रीलिंगी. पदवीधर स्त्रीसाठी पुल्लिंगी रूप वाकवावे लागू नये, ही काळजी १९१६ च्या सुमारास कुणीतरी घेतली होती. व्यवहारात जी. ए. आणि पी. ए. ही आद्याक्षरेच रूढ झाली, हा भाषेचा नेहमीचा न्याय.

सरकारची मान्यता नव्हती. मान्यतेविना पदवीला नोकरीच्या बाजारात किंमत नव्हती, आणि किंमत नसल्यामुळे विद्यार्थिनी थोड्या. येथे पुन्हा साताऱ्यासारखीच स्थिती होती: आपल्या हातातले सारे करून झाले होते, दार दुसऱ्याच्या हातात होते. फरक एवढाच की या वेळी त्यांनी दाराबाहेर काम चालू ठेवले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. देणगीसोबत अटी आल्या आणि १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस गेले. कायद्याने मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली. पहिल्या पाच विद्यार्थिनींपासून मोजल्यास ३३ वर्षांनी. तेव्हा कर्वे ९१ वर्षांचे होते.

मधल्या काळात ते थांबले नव्हते. १९२९ साली, वयाच्या ७१व्या वर्षी, विद्यापीठाची माहिती देण्यासाठी आणि निधीसाठी त्यांनी युरोप, अमेरिका आणि जपानचा प्रवास केला. ज्या टोकियोच्या विद्यापीठाची पुस्तिका त्यांनी एकदा बाजूला ठेवली होती ते त्यांनी या प्रवासात प्रत्यक्ष पाहिले. पुढे आफ्रिकेत जाऊन तेथील भारतीयांकडून वर्गणी गोळा केली. १९३६ साली, ७८व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नाही तेथे ती काढण्यासाठी ‘महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ’ स्थापन केले आणि स्वतःच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून त्याला मासिक वर्गणी लावून घेतली. त्यासाठी ते पुण्यात दारोदार फिरत. विद्यापीठासाठी १५ लाखांची देणगी मिळवलेला माणूस आता पुन्हा आण्यांच्या पावत्या फाडत होता. १९४४ साली जातिभेद व विषमता यांविरुद्ध ‘समता संघ’ निघाला. या कामाला मोजमाप लावणे आश्रमासारखे सोपे नव्हते. किती खोल्या, किती मुली असे त्यात काही सांगता येत नव्हते, आणि त्यांच्या कामांपैकी याचेच यश सर्वांत धूसर राहिले. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते निवर्तले.

स्वाध्यायासाठी

‘आत्मवृत्त’ आणि आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचा. वहीच्या पानावर मध्ये रेघ मारा. डावीकडे आश्रमाच्या पहिल्या वर्षांतील एकेक निर्णय पतीच्या पुस्तकातून नोंदवा: बचतीतून दिलेले रुपये, हिंगण्याच्या फेऱ्या, विम्याची पॉलिसी. उजवीकडे त्याच निर्णयाविषयी पत्नीच्या पुस्तकात काय आहे ते लिहा. कोणती घटना एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, आणि एकाच घटनेसाठी दोघे कोणते क्रियापद वापरतात, याकडे विशेष लक्ष द्या. उजवीकडची जागा अपुरी पडली तर पुरवणी जोडा.